वाचक विचारतात : बटण दाबल्यापासून डेस्कटॉपपर्यंत

सांगली-सातारा भागातून आलेल्या पत्रांत कॉम्प्युटर उशिरा चालू होण्याची तक्रार पुन्हा पुन्हा होती. म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं अडत दुकान आहे. सकाळी कॉम्प्युटर चालू केला की टॅली उघडेपर्यंत पाच-सहा मिनिटं जातात. सौद्याच्या दिवशी तर जीव जातो. विंडोज १०, चार जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्डडिस्क आहे. एक मेकॅनिक म्हणतो रॅम वाढवा, दुसरा म्हणतो फॉरमॅट मारा. कुणाचं ऐकू?

लगेच कुणाचंच नको. आधी वेळ कुठे जातो ते बघा. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून तीन आकडे टिपा : बटण दाबल्यापासून गोल फिरणारे ठिपके दिसेपर्यंत, तिथून पासवर्डच्या चौकटीपर्यंत, आणि पासवर्ड टाकल्यापासून टॅलीत खरोखर काम करता येईपर्यंत. पहिला टप्पा मदरबोर्डचा असतो, त्यात विंडोजचा संबंध नाही. तो तीस-चाळीस सेकंदांचा निघाला तर मागे लावून ठेवलेले पेनड्राइव्ह, कार्ड रीडर काढून बघा. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारं मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर. त्याच्या बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे विंडोज कुठे शोधायचं त्या क्रमात, नेटवर्क बूट सगळ्यात वर गेलेलं नाही ना, तेही तपासा.

तुमच्या मशीनवर मात्र तिसरा टप्पा लांबत असणार. पासवर्ड टाकल्यावर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसत राहिले, तर दोष हार्डडिस्कचा. मिनिटाला ७२०० फेरे फिरणाऱ्या डिस्कला एक तुकडा शोधायला साधारण १२-१३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे. विंडोज सुरू होताना असे हजारो बारीक तुकडे इकडून तिकडून वाचावे लागतात. त्याच वेळी अँटिव्हायरस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर आणि अपडेटही तीच डिस्क ओढत असतात. एसएसडीत, म्हणजे काहीही न फिरता चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, एका तुकड्यासाठी साधारण एक दशांश मिलिसेकंद पुरतो. फॉरमॅट मारून काही आठवडे बरं वाटेल, पण डिस्क तीच राहते.

म्हणून आधी एसएसडी, मग रॅम. २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (हार्डडिस्कच्याच केबलवर चालणारी) हिशेबाच्या मशीनला भरपूर झाली. मदरबोर्ड जुना, ३ गिगाबिटच्या साटा पोर्टचा असला तरी बिघडत नाही, कारण इथे फायदा शोधण्याच्या वेळेत आहे. रॅम ८ जीबी कराच, पण ती एकटी वाढवून सकाळचा वेळ फारसा घटणार नाही.

खरेदीच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवून हार्डडिस्कची तब्येत बघा. ०५ किंवा सी५ या ओळी डिस्कचे खराब तुकडे मोजतात; त्यांच्या 'रॉ व्हॅल्यूज' रकान्यात शून्याशिवाय काही दिसलं आणि वर पिवळा इशारा असला, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी टॅलीचा डेटा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. डिस्क कधी बसेल याचा नेम नाही.

मशीन जुनं असेल तर क्लोन करण्यापेक्षा, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवण्यापेक्षा, विंडोज नव्याने टाकलेलं बरं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करून, म्हणजे जुन्या विंडोजवरून सोडवून घ्या, नाहीतर नव्या डिस्कवर ते चालू करताना अडकाल. आणि विंडोज टाकताना जुन्या हार्डडिस्कची साटा केबल काढून ठेवा. इथे हमखास चूक होते. दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील तर विंडोज जातं एसएसडीवर, पण बूटची फाइल जुन्या डिस्कवर राहू शकते. मग सहा महिन्यांनी जुनी डिस्क गेली, की नवी ठणठणीत असूनही मशीन उठत नाही. सगळं नीट चालू झाल्यावर केबल परत लावा आणि जुनी डिस्क फक्त डेटासाठी ठेवा.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. नव्याने टाकणारच असाल तर मशीन ११ला चालतं का, म्हणजे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे का आणि प्रोसेसर यादीत आहे का, ते आधी पाहा.

प्रश्न : कराडहून लिहितो. शट डाउन करून चालू केला तर लॅपटॉप पटकन उठतो, रीस्टार्ट केला तर जास्त वेळ लागतो. आणि रोज बंद करूनही टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' बारा दिवस दाखवतो! हे काय?

हे फास्ट स्टार्टअप. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. त्यामुळे वायफाय किंवा प्रिंटर रुसला, तर बंद-चालू करून उपयोग नाही, रीस्टार्टच करा. शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलं तरी मशीन पूर्ण बंद होतं. त्याच लॅपटॉपवर लिनक्सही असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय बंद ठेवा. नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

प्रश्न : विट्याला आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. रोज सकाळी काळ्या स्क्रीनवर एफ १ दाबायला सांगतं, तारीख कित्येक वर्षं मागची असते आणि सरकारी साइट उघडत नाहीत.

मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपला आहे. तारीख चुकली की साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला बाद वाटतं, म्हणून साइट उघडत नाहीत. रात्री भिंतीवरच्या स्विचबोर्डचं बटण बंद करून जात असाल तर सेल लवकर उतरतो. एरवी एसएमपीएसमधून (कॉम्प्युटरच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) येणाऱ्या थोड्या विजेवर घड्याळ चालतं, सेलला काम पडत नाही.

सेल बदलणं दहा मिनिटांचं काम आहे, पण आधी बायोस उघडून दोन गोष्टींचे फोटो काढा : साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) आणि बूट मोड (जुनी लेगसी पद्धत की नवी यूईएफआय). सेल काढल्यावर या सेटिंग मूळपदावर जातात. साटा मोड बदलला तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून परत परत रीस्टार्ट होतं, आणि लोक विनाकारण फॉरमॅट मारून बसतात. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा. मग केबल काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, खाच दाबून जुना सेल सोडवा आणि नवा अधिक खुणेची बाजू वर करून बसवा. पहिल्यांदा चालू केल्यावर फोटो बघून सेटिंग आणि तारीख घाला.

प्रश्न : साताऱ्यात इंजिनिअरिंगला आहे. डीडीआर ५ रॅमचा नवा डेस्कटॉप जोडला, तर पहिल्यांदा कित्येक मिनिटं स्क्रीन काळीच. बोर्ड खराब आहे का?

बहुतेक नाही. नवी डीडीआर ५ रॅम बसवली की बोर्ड तिचे टायमिंग जुळवतो, आणि त्याला पहिल्या वेळी काही मिनिटं लागू शकतात. मध्येच वीज तोडू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. एएम ५ बोर्डावर (एएमडीच्या नव्या प्रोसेसरांचा) पुढेही रोज वेळ लागत असेल तर बायोसमध्ये 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' चालू करा, म्हणजे आधी जुळवलेले टायमिंगच पुन्हा वापरले जातात. त्यानंतर मशीन मध्येच अडकायला लागलं तर परत बंद करा.

प्रश्न : साटा एसएसडीऐवजी एनव्हीएमई घेतली तर अजून लवकर चालू होईल का? (वाई)

एनव्हीएमई म्हणजे साटा केबलऐवजी मदरबोर्डला थेट जोडली जाणारी, जास्त वेगवान एसएसडी. चालू होण्यात दोन-चार सेकंदांचा फरक, तोही घड्याळ लावलं तर कळेल. मोठ्या व्हिडिओ फाइल कॉपी करत असाल तर जरूर घ्या. नुसतं विंडोज लवकर उठावं म्हणून जास्त पैसे देऊ नका. तेच पैसे रॅमला घाला.