कराडच्या ताईंचा प्रश्न: फुलांच्या दरीसाठी एफडी मोडू, ईएमआय घेऊ, की राहू दे?

नमस्कार ताई,

तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. ताई कराडजवळ सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, वय ५२, हातात ६१ हजार येतात. मिस्टरांची पिठाची गिरणी आणि मसाला कांडप, त्यातून महिन्याला पंधरा-सोळा हजार. घरकर्जाचा हप्ता १३,२००, अजून पाच वर्षं आहे. मुलगा सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला जाणार, त्याची ९५ हजार फी ऑगस्टात. बचत खात्यात ८५ हजार, डिसेंबरात सुटणारी ३ लाखांची दोन वर्षांची एफडी, ५ हजारांची एसआयपी, आणि दवाखान्यातल्या बारा जणींची ५ हजारांची भिशी, त्यात ताईंचा नंबर शेवटचा म्हणजे ऑक्टोबरात. आता पाच मैत्रिणी मिळून उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स नॅशनल पार्कला गाइडसोबत चालायला जायचं म्हणतायत, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, ऋषिकेश ते ऋषिकेश, माणशी ३८,५००. कंपनी म्हणते सहा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय घ्या, मिस्टर म्हणतात फुलंच बघायचीत तर कास काय वाईट आहे, आणि ताई विचारतायत की एफडी मोडू, ईएमआय घेऊ का राहू दे.

माझं उत्तर, जा. पण एफडी मोडून नको आणि ईएमआयवर तर नकोच. आणि ३८,५०० हा आकडा आधी डोक्यातून काढा कारण तुमची ट्रिप तेवढ्यात होणार नाहीये.

कागद घेऊन बसा. पॅकेजवर ५ टक्के जीएसटी लागतो, तो ३८,५०० मध्ये धरलाय का ते तुम्ही लिहिलं नाहीये, नसेल तर १,९२५ वाढले, झाले ४०,४२५. कराड ते ऋषिकेश जाऊन येऊन सात हजार धरा. बूट, पावसाचा पोंचो, काठी, गरम कपडे मिळून साडेसहा, त्यात बूट सोडून बाकीचं भाड्याने किंवा उसनं मिळालं तर उत्तम. वाटेतलं जेवणखाण, सामानाला खेचर, टिप, असे साडेचार. इथेच ५८,४२५ झाले. आणि वर १० हजार रस्ता बंद झाला तर म्हणून. म्हणजे साडेअडुसष्ट हजाराच्या आसपास, तुमच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. हा आकडा बघून घाबरू नका पण निर्णय याच आकड्यावर घ्या, जाहिरातीतल्या नाही.

ते शेवटचे १० हजार का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण लोक सगळ्यात आधी तेच कापतात. ऋषिकेशपासून गोविंदघाटपर्यंत जवळजवळ पावणेतीनशे किलोमीटर डोंगरातला रस्ता आहे, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, जोशीमठ करत जातो, चांगल्या दिवशी दहा-अकरा तास लागतात. दरीत फुलं भरात असतात जुलै मध्यापासून ऑगस्ट मध्यापर्यंत, आणि नेमके तेच दिवस दरडी पडायचे. रुद्रप्रयागच्या अलीकडचं सिरोबगड तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. म्हणजे फुलं हवी असतील तर पाऊस आणि दरड हे दोन्ही सोबत येणारच, जूनमध्ये गेलात तर रस्ता बरा पण फुलं कमी. माझे एक क्लायंट, साताऱ्यातले, दोन वर्षांपूर्वी जाऊन आले, त्यांना सगळं वहीत लिहायची सवय आहे आणि ती वही त्यांनी मला आणून दाखवली. परतताना रस्ता बंद, जोशीमठात दोन रात्री अडकले. वहीत तारीख टाकून लिहिलेलं होतं, लॉज ३,६००, जेवण १,३००, पुढे मिळेल त्या जीपमध्ये सीट १,५००, आणि ठरलेली रेल्वे चुकली म्हणून तात्काळचं तिकीट ३,२००. बेरीज ९,६००. खाली एका ओळीत लिहिलेलं, 'कंपनीने काही दिलं नाही, नियमात बसत नाही म्हणाले.' माणूस रागावलेला नव्हता पण ती ओळ त्यांनी पेनाने दोनदा अधोरेखित केली होती. मी १० हजार म्हणतो ते तिथून.

म्हणून पैसे भरायच्या आधी कंपनीला एकच गोष्ट लेखी विचारा. रस्ता बंद झाल्यावर राहण्याचा, जेवणाचा, दुसऱ्या गाडीचा खर्च कोणाचा? बहुतेक ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की नैसर्गिक कारणाने लांबलं तर जादा खर्च प्रवाशाचा. हे मी मुद्दाम सांगतोय कारण या ट्रेकला गाइडचे पैसे वाट दाखवायचे नसतात. वाट सरळ आहे हो. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप जाते, तिथून मुक्कामाच्या घांगरिया गावापर्यंत पायी साधारण दहा किलोमीटर, आणि तीच शिखांच्या हेमकुंड साहिब गुरुद्वाराच्या यात्रेची वाट असल्यामुळे माणसांची वर्दळ असते, चहाची दुकानं असतात, चुकायचा प्रश्नच नाही. दरीतही आखलेली पायवाट आहे. गाइडचे पैसे आहेत ते गाडी अडकल्यावर दुसरी गाडी उभी करायचे, कोणाचं डोकं दुखायला लागलं तर वेळेत खाली आणायचे, खोल्या नाहीत म्हणाले तर भांडून मिळवायचे. पाच बायका, सगळ्या पन्नाशीच्या, पहिल्यांदाच तेवढ्या उंचीवर, म्हणून मी म्हणतो गाइड घ्याच. पण कंपनी यातलं काहीच करणार नसेल तर जास्तीचे पैसे कशाचे देताय ते विचारा, आणि पाच जणी एकत्र येताय म्हणून दर कमी करायला सांगा. बायका हे विचारायला लाजतात, तुम्ही लाजू नका.

आता पैसे कुठून आणायचे.

एफडी मोडली तर काय होतं बघा. एक टक्का दंड धरला तर जुलैत मोडताना ३ लाखांवर एकोणीस महिन्यांचे पावणेपाच हजार गेले. वर बँक व्याजदर पण दोन वर्षांचा देत नाही, जेवढे महिने ठेव राहिली तेवढ्या मुदतीचा देते. चाळीस हजारांसाठी तीन लाखांची ठेव मोडणं म्हणजे मला तरी जिवावर येतं.

नो कॉस्ट ईएमआयचं म्हणाल तर तुम्ही पाठवलेल्या फोटोत प्रोसेसिंग फी १,४९९ आहे, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १,७६९. आणि त्याच कागदावर खाली लिहिलंय की एकरकमी भरलं तर २ हजार सूट. ती सूट तुम्हाला ईएमआयवर मिळणार नाही. म्हणजे फुकटच्या हप्त्याचे ३,७६९ रुपये पडतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते व्याज प्रोसेसिंग फीमध्ये लपवलेलं असतं. दुसरं म्हणजे ट्रिप संपून फोटो बघून झाले तरी हप्ता चालूच राहणार, आणि घरकर्जाचा हप्ता असताना त्यात ही भर नको.

मग भिशी. ताई, तुमच्या मेसेजमध्ये उत्तर होतं फक्त तुम्ही ते एका ओळीत टाकून पुढे गेलात. नोव्हेंबरात सुरू झालेली भिशी, तुमचा नंबर ऑक्टोबरचा, रक्कम ६० हजार. जुलैचा नंबर जिचा आहे तिला विचारा की अदलाबदल करशील का. जुलै धरून तुमचे नऊ हप्ते म्हणजे ४५ हजार तुमचेच भरलेले असतील, राहिलेले १५ हजार तुम्ही पुढच्या तीन महिन्यांत नेहमीसारखे भरणार. म्हणजे मैत्रिणींचे फक्त १५ हजार तीन महिने बिनव्याजी वापरले, एवढंच. आता बुकिंगचे ८ हजार बचत खात्यातून भरा, बाकीची रक्कम निघायच्या महिनाभर आधी द्यायची आहे असं तुम्ही लिहिलंय, तोवर भिशी हातात येते. ८ आणि ६०, अडुसष्ट झाले. तरी एक सांगतो, भिशी नुसत्या विश्वासावर चालते, कागद काही नसतो, मी एरवी कुणाला भिशीत पैसे टाका म्हणत नाही. तुमची अकरा वर्षं त्याच बायकांसोबत चाललीय म्हणून हे सुचवतोय.

ती बाई नाही म्हणाली तर? जबरदस्ती करू नका, तिचंही काही ठरलेलं असेल. मग त्याच एफडीवर ४० हजारांचा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून उचल, घ्या आणि वरचे वीसेक हजार आतापासून जुलैपर्यंत पगारातून बाजूला काढत जा. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त लावतात, तुमची ७ ची आहे तर ८ ने तीन महिन्यांचे ८०० रुपये होतात, एफडी तशीच राहते, ऑक्टोबरला भिशी मिळाली की फेडून टाका. ईएमआयचे ३,७६९ आणि हे ८००.

दोन ठिकाणी हात लावायचा नाही. मिस्टरांनी मिरची कांडपाच्या सीझनमध्ये फीसाठी बाजूला काढलेले पैसे, ते फीचेच. आणि बचत खात्यातून त्या ८ हजारांच्या वर एक रुपया नाही, तुमच्या घरखर्चाच्या मानाने अडीअडचणीला ८५ हजार ही शिल्लक आधीच कमी आहे. भिशी संपली की ते ५ हजार आरडीला लावा. एसआयपी थांबवू नका, दोन महिने थांबवते म्हणून थांबवलेली मी वर्षवर्ष बंद राहिलेली बघितलीय.

इन्शुरन्सचं तुम्ही विचारलं होतं, मेडिक्लेम ट्रेकला चालतो का. तुमच्या पॉलिसीत साहसी खेळांचं एक्सक्लूजन आहे ते सगळ्याच कंपन्यांच्या पॉलिसीत सारख्या शब्दात असतं, आणि ते जे व्यावसायिक म्हणून असले खेळ करतात त्यांच्यासाठी आहे, तुम्ही हौसेने चालायला जाताय. तरी कंपनीला ईमेल करून उत्तर घेऊन ठेवा. वरून खाली आणायचा खर्च मात्र त्यात सहसा बसत नाही.

आता एक पैशाचं आणि थोडं पंचांगाचं. तिकडे उत्तरेत महिना पौर्णिमेला बदलतो, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, आणि त्याच पंधरवड्यात हरिद्वार-ऋषिकेशला कावड यात्रेची तुफान गर्दी असते, रस्ते वळवतात, खोल्या महाग होतात. आपला श्रावण लागला की ती संपलेली असते. तुमच्या तारखा त्यात येतायत का ते कॅलेंडर काढून बघा आणि १५ ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी पण टाळा. आणि श्रावणी सोमवार असला तरी त्या आठवड्यात उपास करू नका. घांगरिया तीन हजार मीटरच्या वर आहे आणि हेमकुंड चार हजार तीनशेच्याही वर, रिकाम्या पोटी ते चढायचं नाही, हे तुम्हाला नर्सला मी काय सांगू.

मिस्टरांचं कासचं म्हणणं मला कळतं, मी साताऱ्याचाच आहे, कासवर कोणी काही बोललेलं मला चालत नाही. पण कास म्हणजे कातळावरच्या पातळ मातीतली बारीक फुलं, वाकून बघायची. ती दरी म्हणजे बर्फाने कोरलेलं साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटरचं रान, १९८२ साली नॅशनल पार्क झालं, २००५ साली जागतिक वारसा, आणि आत रात्री राहायला कोणालाच परवानगी नाही, सकाळी जायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर. दोन्ही वेगळी आहेत. शिवाय कासचा बहर सप्टेंबरात, तोवर तुम्ही परत आलेल्या असाल, तेव्हा मिस्टरांना घेऊन जा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की तीस वर्षांच्या नोकरीत स्वतःसाठी एवढे पैसे कधी काढले नाहीत म्हणून हात अडतोय. ताई, मी तुमचा सगळा हिशोब बघितला, कुठेही उधळपट्टी नाही, घरकर्ज सोडलं तर कोणाचं देणं नाही, मुलाची फी बाजूला आहे. हे पैसे तुम्ही कमावलेत. आणि पुढच्या वर्षी पैसे साठवता येतील पण गुडघे पुढच्या वर्षी कसे असतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये.

बूट मात्र आत्ताच घ्या, जुलैत नको. नवे बूट घालून आठवड्यातून तीन दिवस सदाशिवगड चढा, कराडची कितीतरी माणसं रोज पहाटे जातातच, तुमच्या पाची जणी जा. जिला मे महिन्यापर्यंत दम लागतोय तिने हेमकुंडचा चढ खेचरावरून करायचे पैसे वेगळे धरावेत, फुलांच्या दरीत मात्र खेचर नेता येत नाही, तिथे चालावंच लागतं. रेल्वेचं रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, साताऱ्यातून गोवा एक्सप्रेस थेट दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनला जाते, आणि परतीचं तिकीट ट्रेक संपतो त्याच्या दोन दिवस नंतरचं काढा, रजेचा अर्जही त्या दोन दिवसांसकट टाका. जुलैच्या नंबरवाल्या मैत्रिणीशी उद्या ड्युटीवर बोला आणि ती काय म्हणाली ते मला कळवा, म्हणजे ओव्हरड्राफ्टचे कागद लागणार की नाही ते बघू.