जुन्या पेट्रोल गाडीचं फ्युएल प्रेशर उतरतं, मेकॅनिक म्हणतो पंपच बदला. घरच्या घरी खात्री कशी करायची?

बदलू नका. गेज (प्रेशर मोजायचा काटा) लावल्याशिवाय तर मुळीच बदलू नका, आणि जो माणूस गेज न लावता पंप बदला म्हणतो त्याच्याकडे पुन्हा गाडी नेऊ नका. कडक वाटेल पण या विषयावरून आमच्याकडे दोन जावयांत गेली दोन-तीन वर्षं थंड युद्ध चालू आहे, त्यामुळे प्रश्न दिसला आणि राहवलं नाही.

तुम्ही लिहिलंय की गाडी २००३ची मारुती एस्टीम, सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, दुपारी अर्धा-एक तास उन्हात उभी राहिली की परत तेच, चालताना काही त्रास नाही. आमची पण एस्टीमच, २००५ची, सासऱ्यांची. त्यांनी ती मला दिली कारण आमच्या साडूंनी सगळ्यांसमोर तिला डबडं म्हटलं होतं. इथूनच सगळं सुरू झालं.

आमच्या गाडीचा त्रास वेगळा होता. स्टार्टिंग एकदम कडक, पण चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की धक्के, उचलायचीच नाही, पाय सोडला की ठीक. दिवाळीला पुण्याला साडूंकडे गेलो तेव्हा ते म्हणाले माझ्या ओळखीचं गॅरेज आहे, सगळं कॉम्प्युटराइज्ड, तुमच्या कोल्हापूरसारखं ठोकाठोकीचं काम नाही. मी झोपेतून उठायच्या आत गाडी घेऊन गेले. संध्याकाळी गाडी आली ती नवा पंप टाकूनच. स्कॅनर लावला, एकही कोड आला नाही, म्हणजे इलेक्ट्रिकल काही नाही, म्हणजे मग पंप. हे त्यांचं लॉजिक. बिल अर्थात मी दिलं. जुना पंप कुठाय विचारलं तर म्हणे फेकला.

आता ऐका. या जुन्या गाड्यांमध्ये फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) प्रेशरचा सेन्सरच नाही. जे मोजलंच जात नाही ते स्कॅनरवर दिसणार कुठून? प्रेशर अर्ध्यावर आलं तरी ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) त्याचा थेट पत्ता लागत नाही, मिक्स्चर फारच पातळ झालं तर ऑक्सिजन सेन्सरवरून काहीतरी कुरकुर करेल, तेवढंच. मी शिरोली एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सला आहे, दिवसभर प्रेशर गेजच बघतो. हे मी तिथेच जेवताना सांगितलं तर साडू म्हणाले प्रेस वेगळी आणि गाडी वेगळी. सासरे गप्प.

दुसऱ्या दिवशी निघालो आणि खंबाटकी घाट चढताना तेच धक्के, तसेच, किंबहुना जास्तच. मागे ट्रकवाले हॉर्न मारतायत आणि बायको म्हणते साडूंना फोन करू का. कोल्हापुरात पोचलो, पेट्रोल भरायला थांबलो, गाडी बंद केली आणि आता नवीनच, सेल्फ मार मार मारतोय तरी घेत नाही! म्हणजे जो त्रास कधीच नव्हता तो पंपाबरोबर फुकट आला.

मग उद्यमनगरातून गेज आणि ते जोडायला टी (तीन तोंडांचा जोड) आणली, फिल्टरनंतर रेलकडे जाणाऱ्या पाइपात बसवली. या सुझुकी इंजिनांना पंप चालू आणि इंजिन बंद असताना साधारण २.७ ते ३.१ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) पाहिजे, आयडलला २.१ ते २.६, आणि बंद केल्यावर एक मिनिटाने २ किलोच्या वर राहिलं पाहिजे. आमचं चढत होतं व्यवस्थित, पण चावी बंद केली की काटा बघता बघता खाली. मग रिटर्नचा, म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारा, रबरी पाइप क्लॅम्पने दाबला, तरी खाली. टाकीकडून येणारा पाइप दाबला, काटा जागच्या जागी. संपला विषय, नव्या कोऱ्या पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) पकडत नव्हता. डब्यावर नाव नसलेला डुप्लिकेट माल, दुसरं काय.

आणि खंबाटकीतले धक्के? पंपाच्या कपलरला (वायरच्या जोडाला) मल्टिमीटर लावला, इंजिन चालू ठेवून. बॅटरीवर १३.८ आणि पंपाला कसेबसे ११. पंपाची अर्थिंग जिथे बॉडीला बोल्ट केलेली असते तिथे गंज, घासून साफ केली, नवीन लग लावला, त्यानंतर एकही धक्का नाही. जुना पंप बहुतेक ठणठणीत होता. बहुतेक म्हणतो कारण तो फेकला ना.

तर तुमचं. प्रेशर बनत नाही आणि प्रेशर टिकत नाही या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि लोक सर्रास एकत्र करतात. विहिरीवरच्या मोटरचं ज्यांना माहीत आहे त्यांना पटकन कळेल, मोटरला व्होल्टेज कमी असणं वेगळं आणि फूट व्हॉल्व्ह गळणं वेगळं. बनत नसेल तर गाडी चढाला, ओव्हरटेकला रडते. तिथे फिल्टर, टाकीतली जाळी, व्होल्टेज, अर्थिंग, रिले आणि सगळ्यात शेवटी पंप. टिकत नसेल तर फक्त स्टार्टिंगला त्रास. गरम इंजिनात प्रेशर उतरलं की रेलमधल्या पेट्रोलची वाफ होते, म्हणून दुपारीही घेत नाही. तुमचं वर्णन या दुसऱ्यातलं वाटतं.

गेज नसेल तर आधी एवढं करा. सकाळी चावी ऑन, दोन-तीन सेकंद मागून पंपाचा गुंईं आवाज थांबेपर्यंत थांबा, ऑफ, असं तीन वेळा, मग सेल्फ. लगेच घेतली तर प्रेशरचाच विषय. तरी नाहीच घेतली तर पेट्रोलच्या मागे लागू नका, प्लग, कूलंट टेंपरेचर सेन्सर, बॅटरी बघा. आणि रात्रभरात काटा शून्यावर आला म्हणजे पंप गेला असंही नाही हो, चांगल्या गाडीतही रात्रीतून बरंच उतरतं, चावी ऑन केल्यावर दोन सेकंदात परत भरलं की झालं. पहिल्या काही मिनिटांत किती पडतं ते महत्त्वाचं.

रिटर्न दाबल्यावर काटा थांबला तर रेग्युलेटर, म्हणजे रेलमधलं प्रेशर ठरवणारा भाग. त्याचा व्हॅक्यूमचा बारीक पाइप काढून बघा, आत पेट्रोलचा ओलावा असेल तर डायफ्रॅम (आतला पडदा) फाटलाय, गेजसुद्धा लागत नाही. फक्त कोरडा आहे म्हणून रेग्युलेटर पास असं नाही, आतली सीट वेगळी गळू शकते. दोन्ही पाइप दाबूनही काटा पडतोय आणि बाहेर कुठे गळती दिसत नाही तर इंजेक्टर टपकतोय, मग सकाळी स्टार्ट होताना काळा धूर आणि पेट्रोलचा वास येईल. क्लॅम्प करायचा तो रबरी पाइपच, कडक नायलॉनचा पाइप दाबलात तर तो गेलाच.

ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) बद्दल पण कोणीतरी म्हणेलच. साडूंनी तर तेही म्हणून झालंय, पंपात खोट निघाली तेव्हा म्हणाले इथेनॉलने खराब केला. दिवाळीत घातलेला पंप कोल्हापूरला पोचेपर्यंत? जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि ओ-रिंग २० टक्के इथेनॉलसाठी बनलेले नाहीत हे खरं आहे, तडे गेलेले किंवा फुगून मऊ पडलेले दिसले तर सगळे एकदम बदला, पैसे वाचवू नका. पण ई२० हे निदान नाही. कुठला भाग गळतोय ते तरीही शोधावंच लागतं.

हे आधी लिहायला हवं होतं, पेट्रोल लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा, जोडाभोवती फडकं धरा. बंद पार्किंगमध्ये करू नका, बिडीवाला मित्र लांब ठेवा, आणि इंजिन चालू असताना रिटर्न दाबून ठेवू नका, प्रेशर भलतंच चढतं. हात बसलेला नसेल तर गेज असलेल्या माणसाकडे जा. हे सगळं रिटर्न पाइपवाल्या गाडीसाठी आहे, नंतरच्या बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो, तिथे रिटर्न दाबायचा प्रश्नच येत नाही.

आणि पंप बदलायचाच ठरला तर ओरिजिनलच घ्या आणि जुना पंप हातात घेतल्याशिवाय बिल देऊ नका. साडू अजूनही चारचौघांत सांगतात की जुना पंप खराबच होता. असेल बुवा, दाखवा मग.