कडा कापू नकोस

चि. बाय,

तुझा निरोप तीन वेळा वाचला. पहिल्या दोन वेळा नुसता रागच आला. तुझ्यावर नाही. म्हणजे, थोडा तुझ्यावरही.

तू लिहितेस, वाचनालयातल्या, आपल्या ड्रॉइंग मास्तरांनी काढलेल्या चित्रावर तांबूस ठिपके पडलेत, फ्रेमवाला म्हणतो चारही बाजूंनी दोन-दोन इंच कापलं की डाग जातील आणि चित्र रेडिमेड फ्रेममध्ये बसेल. पुढचं पत्र वाचायला वेळ नसेल तर एवढंच कर, त्याला कापू देऊ नकोस.

तू विचारतेस, चित्रकार प्रसिद्ध नाही, मग किंमत काय धरायची? मुंबईत चार वर्षं शिकून आलीस आणि पहिला प्रश्न हा? रिसॉर्टवाल्याने चित्र विकत घ्यायला आकडा सांगितला म्हणून तू आकड्यात अडकलीस. वाचनालयाच्या कमिटीतले म्हणतात, जलरंग म्हणजे कच्चं काम, आज ना उद्या जाणारच. त्यांना चित्रकार हळदणकरांचं नाव सांग. 1882 साली आपल्या सावंतवाडीत जन्मलेला माणूस. हातात समई घेतलेल्या बाईचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे, लोक अजून रांगेने बघतात. तेही कागदावरचा जलरंगच. कागद टिकतो. टिकवावा लागतो, एवढंच.

आता त्या चित्राकडे नीट बघ. देवबागची वाळू, दूर उत्तरेला धुरकट रेघेसारखा सिंधुदुर्ग, आणि पुढे रापण चाललीय. होडी जाळं अर्धगोल टाकून परत किनाऱ्याला लागलीय, दोन्ही टोकांचे दोर माणसं ओढतायत. उजवीकडची रांग पार कडेपर्यंत गेलीय आणि शेवटचा माणूस माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, अर्धा झाकलाय. दोन इंच कापलेस की तो माणूस गेला. मागे एकदा वाचनालयात एक म्हातारी त्या चित्रासमोर उभी राहून म्हणाली होती, ‘ह्यो आमचो आजो.’ खरं-खोटं कोण ठरवणार? पण तिच्या आज्याला तू कात्रीने कापणार का, हे मला सांग.

किल्ल्याची मला काळजी नाही. 1664 साली बांधायला घेतलेला तो दगड आहे, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, 2025 मध्ये आणखी 11 किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीतही गेला. वाळूला कोण आहे? एका बाजूला कर्ली खाडी, एका बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी, आणि तीही खचतेय. आता तिथे बंधाऱ्याचे धोंडे आहेत. त्या जागी किनारा किती रुंद होता, माडांची रांग कुठवर होती, दोर ओढायला किती माणसं लागायची, हे कागदावर उतरवणारा एक ड्रॉइंग मास्तर होता. चित्राची किंमत विचारलीस ना? ही घे.

समुद्र निळा नाही, रंग उडालेत, स्कॅन करून ‘करेक्ट’ करते असंही लिहिलं आहेस. नारळी पौर्णिमेनंतरचं पाणी कधी पाहिलं आहेस? मातकटच असतं. पण मी सांगतो म्हणून मानू नकोस. माउंट उचल. त्याच्याखाली झाकलेल्या कडेला कधी उजेड लागलेला नसतो, तिथे मूळ रंग जसाच्या तसा असतो. कडेचा रंग आणि मधला रंग सारखा असेल तर मास्तरांनी समुद्र मातकटच रंगवला होता. वेगळा असेल तर किती उडाला ते तिथेच कळेल. चित्राचा साक्षीदार कडेला बसलेला असतो, आणि आपण त्यालाच आधी हाकलतो.

हे मला कसं कळलं ते सांगायला नको होतं, पण सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा मास्तरांनी मला असंच एक चित्र दिलं होतं. कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात तिथी, ओहोटीची वेळ, होडीचं नाव. ते नेहमीच लिहायचे. मला ते रफ काम वाटलं. बाजारात मिळाली त्या मापाच्या फ्रेमसाठी मी स्वतः, स्वतःच्या हाताने, स्टीलच्या पट्टीवर ब्लेड चालवून कडा काढल्या. पट्ट्या फेकल्याही नाहीत. कागद चांगला होता म्हणून त्यावर ब्रशने रंग तपासले, वर्षभर. मग फेकल्या. आता फक्त ‘वद्य’ एवढं आठवतं. कुठली तिथी, कुठली होडी, काही नाही.

तेव्हा मोठ्या मापाची फ्रेम करून घेण्याएवढा पगार नव्हता. आणि कडेचं महत्त्व आम्हाला शिकवलं कोणी? एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मार्जिन आखायला शिकवलं, मार्जिनबाहेर बघायला नाही. म्हणजे दोष माझा एकट्याचा नव्हता. होता, पण एकट्याचा नव्हता. असो.

ठिपके ओलीने येतात. म्हणून चित्र उन्हात वाळत घालू नकोस, घरोघरी हीच चूक होते. पुसू नकोस, रबर लावू नकोस, ब्रेडचा लगदा तर नकोच. मागची प्लायवूड काढून टाक, काच कागदाला टेकू देऊ नकोस, भिंत बदल. ती भिंत पश्चिमेची आहे, पावसात पाझरते. संग्रहालयात जलरंगावर 50 लक्सच्या (उजेड मोजायचं माप) आसपासच, म्हणजे मंदच, उजेड ठेवतात, आपल्याकडे त्यावर ट्यूबलाइट टांगलीय. आधी ती काढ. उरलेलं काम कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचं. मिळेपर्यंत थांब. ठिपके इतकी वर्षं थांबलेत.

विकायचं की नाही ते कमिटी ठरवील, माझं मत तिथे कोणी विचारत नाही. पण ठरवण्याआधी चित्र एक दिवस देवबागला ने. फ्रेमसकट, कडांसकट. रापणीवर गेलेली म्हातारी माणसं बसव आणि कोण कोण दिसतं ते विचार. कोणाचं कोणाशी जुळणार नाही. सगळ्यांचं लिहून घे, भांडणासकट. त्या म्हातारीलाही बोलाव.

शनिवारी मी येतो. माउंट आपण दोघं मिळून उचलू, माझा हात हल्ली थरथरतो, म्हणून पाती तू धर आणि मी सांगेन तिथेच चालव. भिंग आण, माझं हरवलंय. खाली पेन्सिलीचं काही असेल तर मोठ्याने वाच.

तुझा,
सर