तिला देवी करू नकोस

प्रिय बाय,

गेलेल्या मैत्रिणीवर लिहिलेला तुझा मसुदा वाचला. शोकसभेत वाचायचा आणि कॉलेजच्या वार्षिकात छापायचा, असं तू म्हणतेस. मला आवडला नाही. ‘हसतमुख’, ‘मनमिळाऊ’, ‘सर्वांना मदत करणारी’, ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’. हे वर्णन म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी जमणाऱ्या अर्ध्या माणसांना लागू पडेल. मी तुझ्या मैत्रिणीला दोन-तीनदाच भेटलो, तरी हे तिचं वर्णन नाही एवढं मला कळतं. एकांकिकेच्या तालमीला ती अर्धा तास उशिरा आली होती आणि उलट दिग्दर्शकालाच ‘तुम्ही लवकर का सुरू केलं?’ म्हणून विचारत होती. ती मुलगी तुझ्या दोन पानांत कुठेच नाही.

मसुद्यापेक्षा खाली लिहिलेलं पत्र खरं आहे. शेवटचे काही दिवस तुम्ही बोलत नव्हता. तालमी बुडवते म्हणून तू तिला सगळ्यांसमोर ताडताड बोललीस, ती निघून गेली, आणि पुढच्या आठवड्यात महामार्गावर तिची स्कूटर... आता तू विचारतेस, ‘सर, मला लिहायचा हक्क आहे का?’ या प्रश्नाने मी दोन रात्री अस्वस्थ आहे. तू माझ्या जुन्या जागेवर बोट ठेवलंस, म्हणून थोडं माझं ऐक.

1986 च्या 5 जुलैला मांडवीवरचा पूल कोसळला. आम्ही नदीपलीकडच्या बार्देस तालुक्यातली मुलं त्यानंतर बेतीहून फेरीबोटीने पणजीला जायचो. पावसाळ्यात ती रांग, ते ओले दप्तर, डिझेलचा वास. माझा मित्र बोट धक्क्याला लागायच्या आधीच उडी मारायचा. पोहता येत नव्हतं त्याला, पण आपण मांडवी पोहून पार केल्याची थाप तो पहिल्या वर्षाच्या मुलींना मारायचा. माझ्याकडून पैसे उसने घेऊन बाकीच्यांना भाजीपाव खिलवायचा आणि दानशूर म्हणवून घ्यायचा. ते पैसे मला परत मिळाले नाहीत.

आणि गोव्याची राजभाषा कोणती या वादात तो कोकणीवादी होता, मी मराठीवादी. तुमच्या पिढीला त्या वर्षाची धग समजणार नाही. डिसेंबर 1986 मध्ये रस्ते अडवले गेले, माणसं मेली. एकाच घरात भाऊ भावाशी बोलेनासे झाले. आमचं भांडण रोज फेरीबोटीवर चालायचं, आणि गंमत अशी की मराठीची बाजू मी कोकणीतूनच मांडायचो, कारण आम्ही दोघंही घरी कोकणीच बोलत होतो. तो वडिलांनी जपून ठेवलेली 1967 च्या, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही या जनमत कौलाच्या वेळची, विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या ‘राष्ट्रमत’ दैनिकाची कात्रणं दप्तरात घेऊन हिंडायचा. मी म्हणायचो, ‘अरे, तुझे सगळे पुरावे मराठीत छापलेले आहेत!’ त्यावर तो ‘तुका कितें कळटा?’ असं एवढ्या मोठ्याने ओरडायचा की तिकीटवाला वळून बघायचा. 4 फेब्रुवारी 1987 ला राजभाषा कायदा संमत झाला. कोकणी राजभाषा, पण सरकारी कामात मराठीलाही मुभा. त्याला ते जास्त वाटलं, मला कमी. तो पेढे घेऊन आला होता. मी घेतला नाही. (आजही घेणार नाही. या बाबतीत तो चूकच होता असं माझं मत आहे.)

नंतर आमचं बोलणं जवळजवळ थांबलं. परीक्षेच्या तोंडावर, म्हापशाहून येताना ट्रकने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली. 30 मे ला गोवा राज्य झालं, ते बघायला तो नव्हता.

बाराव्याला लोक त्याच्याविषयी जे बोलत होते ते ऐकून मी चक्रावलो. ‘कधी वर मान करून बोलला नाही.’ कोण? तो? जो मुलगा मेला म्हणून मी रडत होतो, त्याला त्या खोलीत कुणी ओळखतच नव्हतं. एकाच आठवड्यात त्याचा फोटोतला देव झाला होता. आणि देवाला मित्र नसतात, भक्त असतात.

मी त्याच्यावर लिहिलं. उसने पैसे, मांडवीची थाप, भाषेचं भांडण, न घेतलेला पेढा, सगळं. वार्षिकाचं काम बघणारे प्राध्यापक म्हणाले, भांडणाचा परिच्छेद काढ, वातावरण तापलेलं आहे, शिवाय गेलेल्या माणसाविषयी असं शोभत नाही. मी परिच्छेद काढला नाही, लेख काढून घेतला. स्वतःच्या हाताने लिहून भित्तीपत्रकावर लावला. काही दिवसांनी त्याचे वडील दाखले न्यायला कॉलेजात आले. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, टाचण्या काढल्या, कागदाची घडी करून खिशात घातला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. मित्र म्हणाले, बापाचं काळीज फाडलंस. त्या कागदाचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

त्यांना राग आला असेल तर तो यायलाच हवा होता. पण मी पुन्हा तेच लिहीन. हट्टीपणा म्हण हवं तर. त्याची धाकटी बहीण तेव्हा प्राथमिक शाळेत होती. गणेश चवथीला त्यांच्या घरी गेलो की अजूनही ती मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठून विचारते, ‘दादा रागावला की काय करायचा?’ घरात तिला हे कुणी सांगितलं नाही. घरात सांगितला तो गुणी मुलगा, आणि गुणी मुलगा कधी रागावत नाही. तिला भाऊ हवा आहे. म्हणून मी सांगतो, कधीकधी फेरीबोटीवरचा आवाज काढूनही दाखवतो.

तेव्हा ती होती तशी लिही. तालीम बुडवायची, हे लिही. तू तिला बोललीस, तेही लिही, पण त्यात स्वतःला पोळवून घेत बसू नकोस. तुझ्या पत्रात ‘मी’ फार आहे. ‘मी असं बोलायला नको होतं’, ‘मी शेवटचा फोन उचलायला हवा होता.’ शोकसभा तुझ्या अपराधाची सुनावणी नाही. ज्या माणसाशी भांडावंसं वाटतं त्याच्याशी आपलं काहीतरी असतं. परक्यांवर कुणी एवढं चिडत नाही. लिहायचा हक्क तुला त्या भांडणानेच दिला आहे, आणि नेमकं तेच तू मसुद्यातून पुसून टाकलंस. याचा मला राग आला.

हेल्मेटचं लिहावं का, हे तू चाचरत विचारलं आहेस. अपघात कसा झाला, चूक कुणाची, वेग किती, हे पोलिसांच्या पंचनाम्यात येईल. त्यावर तू एक अक्षर लिहू नकोस, तू तिथे नव्हतीस. पण ती हेल्मेट रोज आरशाला अडकवून स्कूटर चालवायची आणि केस खराब होतात म्हणून तुझ्याशी वाद घालायची, हे तू स्वतः पाहिलं आहेस. हे लिही. लोक कुजबुजतील. कुजबुजू देत. तो वाद तुमचा होता. त्यातून कुणी उपदेश काढला तर त्याचं तो बघेल, तू काढू नकोस.

तुझ्या दोन पानांत एकच वाक्य जिवंत आहे: ती तुझ्या डब्यातली लोणच्याची फोड न विचारता उचलायची आणि वर ‘तुझी आई मीठ कमी घालते’ म्हणायची. तिथून सुरू कर. आधीचं सगळं फाड.

सभेआधी तिच्या घरी जा आणि आईला वाचून दाखव. परवानगी मागायला जाऊ नकोस, नुसतं वाच. मला हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्या रडतील, कदाचित एखादं वाक्य काढ म्हणतील. खोटं वाटतं म्हणून काढायला सांगितलं तर काढ. बरं दिसत नाही म्हणून सांगितलं तर थांब, थोडा वेळ बस, चहा घे, पुन्हा विचार. आणि तिचा राग, तिचा आळस त्यांना तुझ्याहून जास्त ठाऊक असणार. ऐकून घे, वहीत टिपून घे.

राहिला शेवटचा प्रश्न, मजकूर मराठीत लिहू की कोकणीत. हे तू मला विचारावंस! या विषयात मी निःपक्ष नाही आणि व्हायची इच्छाही नाही. वार्षिकात मराठी विभाग आहे, मराठीत लिही. पण ती जे बोलली ते कोकणीत बोलली असेल तर ती वाक्यं तशीच्या तशी ठेव, शिवी असली तरी. संपादकांनी मराठी करून मागितलं तर माझं नाव सांग.

तुझे,
सर