काल 120 ला वाजलं, आज 100 ला पण नाही

"मॅडम काल रात्री 120 ला एकदम क्लीन वाजत होतं, आज सकाळी 100 ला पण हात अडकतोय, मग मी आठ महिने नक्की केलं काय?"

हे विचारणारा मुलगा गिटार शिकतो, 120 म्हणजे मिनिटाला 120 ठोक्यांचा वेग. पंचवीसच्या आसपासचा, पुण्यात आयटीत, आईवडिलांसोबत राहणारा. त्याला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात. माझ्याकडे समुपदेशनाला आला होता तो खरं तर झोप लागत नाही आणि घरी सगळ्यांवर चिडतो म्हणून, गिटारचा विषय निघाला तिसऱ्या सेशनला. आणि निघाला तो असा की पुढचा पाऊण तास तो त्यावरच बोलत होता, डोळ्यात पाणी येईपर्यंत. हाच प्रश्न मला तबला शिकणारी, टायपिंगची परीक्षा देणारी, पोहणारी मुलं पण विचारतात, की मेहनत रोज तेवढीच आहे मग प्रगती अशी वरखाली का, काल जमलं ते आज कुठे गेलं?

त्याचा दिवस ऐका. ऑफिसमधून आठला घरी, जेवण, मग साडेदहाला दार लावून गिटार. मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणारं यंत्र, 80 ला लावायचा, दोन दोनने वाढवत न्यायचा आणि जिथे जमलं तो सगळ्यात मोठा आकडा मोबाईलमध्ये लिहायचा. रात्री एक-दीडला 120 आलं की खुशीत झोपायचं. सकाळी ऑफिसला जायच्या आधी "काल आलं ते आहे ना अजून" हे बघायला गिटार उचलायची, थेट 120 लावायचा आणि फसायचं. मग दिवसभर तेच डोक्यात. वडील बिचारे कौतुकाने विचारायचे, "काय रे, आज किती झाले?" आणि हा त्यांच्यावर खेकसायचा.

मला गिटार येत नाही, पण लहानपणी सहा वर्षं तबला शिकले त्यामुळे तो काय सांगतोय ते हाताला तरी कळत होतं. धाधा तिट धाधा तूना हा कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची एक ठरलेली रचना, ठाय म्हणजे संथ लयीत कुणालाही येतो, दुप्पट पण येतो, चौपटीत गेलं की सगळ्यात आधी 'तिट' फाटतं. बाकीचे बोल ठीक असतात. त्याला विचारलं तुझं 'तिट' कुठे आहे? त्याला आधी कळलंच नाही, मग घरी हळू वाजवून मोबाईलवर रेकॉर्ड करून बघितलं तेव्हा सापडलं, एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाताना पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) अडकतो. प्रत्येक वेळी तिथेच, बाकी सगळं 120 ला आरामात. म्हणजे आठ महिने हा पूर्ण तुकडा पहिल्यापासून वाजवत होता आणि अडचण होती दोन सुरांच्या मधे.

दुसरं आम्ही एक गणित मांडलं, माझ्या समोरच्या कागदावर. 120 ला एका ठोक्यात चार सूर म्हणजे सेकंदाला आठ, एका सुराला 125 मिलिसेकंद. 100 ला तेच 150. ज्या फरकावरून हा स्वतःला नालायक ठरवत होता तो फरक सुरामागे 25 मिलिसेकंदांचा, डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी जास्त वेळ लागतो. एवढासा फरक पडायला काय लागतं? सकाळी बोटं गार असतात, झोप पाचच तास झालेली असते, खांदा आधीच आवळलेला असतो कारण भीती आहे की येणार नाही. आणि रात्रीचं 120 हे दोन-तीन तास हात तापल्यावरचं होतं, पन्नास प्रयत्नांतला एक लागलेला. म्हणजे तो रात्रीचा सगळ्यात चांगला प्रयत्न आणि सकाळचा पहिला प्रयत्न एकमेकांसमोर ठेवत होता, दर सकाळी हरणार हे आधीच ठरलेलं.

माझं म्हणणं इथेच आहे आणि ते मी त्याला अगदी ठासून सांगितलं: रात्री लागलेला आकडा तुझा स्पीड नाही. तुझा स्पीड म्हणजे हात थोडा गरम करून केलेला पहिला प्रयत्न, जो बिनचूक येतो तो. तो छोटा असतो, दिसायला बरा नसतो, पण तोच तुझ्यासोबत राहतो.

मग वही केली. मोबाईल नको म्हटलं, कागदाची वही. रोज तीनच गोष्टी, पाच मिनिटं हात गरम केल्यावरचा पहिला बिनचूक आकडा, काल झोप किती, आणि सराव कधी केला. सगळ्यात मोठा आकडा लिहायचाच नाही. याला तो तयार होत नव्हता, म्हणाला मग दिवसाचा आनंद काय राहिला, आणि ते मला अगदी पटलं, म्हणून ठरलं की आठवड्यातून एकदा, रविवारी, हवा तेवढा वेगात वाजव, मजा कर, पण तो वहीत नको.

झोपेबद्दल त्याला मी एक प्रयोग सांगितला कारण रात्री दीडपर्यंत सराव करून तो स्वतःचंच नुकसान करत होता. 2002 मध्ये अमेरिकेत झोपेचे अभ्यासक मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी एक ठरलेला क्रम पटापट दाबायला शिकवलं, मधे रात्रीची झोप झालेल्यांचा वेग साधारण 20 टक्क्यांनी वाढलेला निघाला, जागेपणी तेवढाच वेळ गेलेल्यांचा खास वाढला नाही. यात झोपेचा वाटा किती आणि हात ताजे झाल्याचा किती यावर नंतर वाद झालेत, पण त्याला एवढं कळलं की गिटार बाजूला ठेवल्यावर पण काम चालू असतं. सराव नऊ ते दहा झाला, बारा वाजता झोप.

सरावाची पद्धत त्याच्या गिटारच्या सरांनीच बदलून दिली, ते माझं काम नाही. अडणारे पाच-सहा सूरच घ्यायचे, ते एका दमात वेगात मारायचे आणि थांबायचं, हात सैल सोडायचा, परत. सर म्हणाले नुसतं हळू वाजवून पण भागत नाही, कारण हळू वाजवताना हात मोठा फिरतो आणि वेगात तेवढं फिरायला जागाच नसते.

पहिले तीन आठवडे वहीतला आकडा 84 च्या आसपासच रेंगाळला. तो वैतागला, "हे तर अजूनच वाईट". तेव्हा मी त्याला तारमास्तरांची गोष्ट सांगितली, म्हणजे टेलिग्राफवर टकटक आवाजातून अक्षरं ओळखून संदेश घेणाऱ्यांची. 1897 आणि 1899 मध्ये ब्रायन आणि हार्टर या दोघा संशोधकांनी अमेरिकेतल्या तार शिकणाऱ्यांचा वेग आठवड्याआठवड्याला मोजला. तार ऐकून घेण्याचा आलेख वर जातो, मग बरेच आठवडे सपाट पडतो आणि मग परत चढतो असं त्यांना दिसलं. त्यांचं म्हणणं होतं की त्या सपाट काळात अक्षरं अंगवळणी पडत असतात, मग माणूस अख्खे शब्द ऐकायला लागतो. नंतरच्या लोकांना हा सपाट भाग दरवेळी सापडला नाही हेही त्याला सांगितलं, खोटा दिलासा मला द्यायचा नव्हता. पण एक एक सूर वाजवणं आणि सहा सुरांचा एकच झटका वाजवणं यातला फरक त्याला लगेच कळला.

नवव्या आठवड्यात वहीत 96 होतं. मधे एकदा 78 पण होतं, त्या दिवशीची झोप साडेचार तास, शेजारीच लिहिलेली. हे दोन आकडे त्याने स्वतः शोधून मला दाखवले.

एक गोष्ट मी त्याला गिटारचा विषय निघाला त्याच दिवशी विचारली होती आणि तुम्हालाही विचारते, मनगट किंवा कोपर दुखतंय का, बोटांना मुंग्या येतात का? तसं असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा, दुखण्यावर जोर करून वेग येत नाही. त्याला नव्हतं.

वडिलांशी त्याने स्वतः बोलून घेतलं. आता ते आकडा विचारत नाहीत, रविवारी चहा घेऊन खोलीत येऊन बसतात.

आमची सेशन्स थांबून बरेच दिवस झाले. मागच्या महिन्यात रात्री त्याचा मेसेज आला, "आज 88. ऑफिसात रिलीज, झोप पाच तास. वही बंद केली, आता झोपतो."

मी लिहिलं, "झोप. रविवारी वडिलांना काय ऐकवणार आहेस ते सांग."