घरात रोज मासे, मग लेकीचं हिमोग्लोबिन कमी कसं?

प्रश्न : आमची मुलगी दीड वर्षाची आहे. आरोग्य केंद्रात तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६ आलं. जन्मताना वजन २.१ किलो होतं, माझंही रक्त तेव्हा कमीच होतं. उष्टावण दहाव्या महिन्यात केलं. आता दूध भरपूर पिते, पेज खाते, सकाळी चहा-बिस्कीट. आमच्याकडे रोज मासे असतात तरी असं का? लोहाचं औषध दिलं तर शी काळी झाली म्हणून सासूबाईंनी बंद करायला लावलं.
- एक आई, वेंगुर्ला

उत्तर : ताई, आधी एक सांगते, हे तुमच्या एकटीच्या घरातलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० पैकी जवळजवळ ६९ मुलांना रक्तक्षय (हिमोग्लोबिन कमी असणं) निघाला होता, म्हणजे स्वतःला दोष देत बसू नका.

कारणं तुमच्या पत्रातच आहेत. बाळ लोहाचा साठा आईच्या पोटातूनच घेऊन येतं, आईचं रक्त कमी आणि बाळ अडीच किलोच्या आत असेल तर तो साठा मुळातच थोडा आणि लवकर संपणारा. आईच्या दुधात लोह कमी असतं, म्हणून सहा महिने झाले की वरचं खाणं लागतंच, आणि तुमच्याकडे तिथेच चार महिने गेले. मुहूर्त, पाहुणे, सगळं खरं, पण उष्टावण लांबवू नका हो, मी प्रत्येकीला हेच सांगते.

आणि मासे घरात शिजतात पण तिच्या ताटात किती येतात? तिखट म्हणून, काट्याच्या भीतीने तिला नुसती पेज-भात मिळतो ना? तिखट घालायच्या आधी बांगड्याचा तुकडा काढून ठेवा, काटे नीट बघून भातात कुस्करा. तिसऱ्यांमध्ये (शिंपल्यांमध्ये) लोह बऱ्यापैकी असतं, चांगल्या शिजवून अगदी बारीक चिरून द्या. कुळथाची पिठी, मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व, अळू, आणि वर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं. चहा मात्र आजपासून बंद, तो लोह अडवतो. दूधही दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत, पोट दुधानेच भरलं तर जेवणार कधी.

अंगणात, वाडीत अनवाणी फिरते का? आपल्याकडच्या ओल्या मातीतून आकडेकृमीच्या अळ्या पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. चप्पल घालाच, आणि जंताची गोळी (तिच्या वयाला अर्धी) अंगणवाडीत मिळते ती चुकवू नका. माती खात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, रक्तक्षयात मुलं माती खातात.

आता औषधाचं. काळी शी होणं साधी गोष्ट आहे, सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा. दात काळे पडू नयेत म्हणून ड्रॉपरने जिभेच्या मागे घाला, दुधासोबत नको. आशाताई आठवड्यातून दोनदा १ मिली देतात तो डोस रक्तक्षय होऊ नये म्हणून असतो, ८.६ ला वजनाप्रमाणे रोजचा डोस लागतो, तो डॉक्टरांकडून घ्या. महिन्याने परत तपासा, साधारण १ ग्रॅम वाढायला हवं. नाही वाढलं तर थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे जन्मजात आजार तपासायला सांगा. आकडा चांगला आला तरी औषध पुढे दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं. धाप लागली, फार मलूल झाली किंवा आकडा ७ च्या खाली गेला तर थेट हॉस्पिटल.

तुमचंही हिमोग्लोबिन या आठवड्यातच तपासून घ्या, दुसऱ्या बाळाचा विचार असो वा नसो.