शेजारच्या ५० फुटी विहिरीला पाणी आणि आमचं ४५० फुटाचं बोअर कोरडं, असं कसं होतं?

तुमचा हा प्रश्न वाचून वाईट वाटलं, कारण आमच्याकडेही हेच झालंय. पुरंदरकडची शेती आमची. वडील-चुलत्यांनी विहीर खोदली तेव्हा मी शाळेत होतो, रोज काठावर बसून बघायचो. वर काळी माती, मग मुरूम म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला खडक, मग बारीक भोकांचा मांजऱ्या खडक, खाली काळा पाषाण आणि त्यात मधेच एक गेरूसारखा लाल पट्टा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यामुळे महाराष्ट्राचा बहुतेक भाग पोटात असाच आहे.

खाली नदीबिदी काही वाहत नसते हो. पाणी असतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत, बस. काळा पाषाण अखंड असेल तर ४५० काय ८०० फूट जा, त्यात पाणी राहायला जागाच नाही. मांजऱ्याला भोकं दिसतात खरी पण बरीचशी पांढऱ्या खनिजाने बुजलेली असतात आणि एकमेकांना जोडलेली नसतात, म्हणून तो झिजलेला असेल तरच पाणी देतो. लाल पट्टा चिकणमातीसारखा, त्यावर पाणी अडतं आणि आडवं सरकतं. डोंगराच्या कडेला एकाच लेव्हलला झरे दिसतात ते बऱ्याचदा यामुळेच.

आता तुमचं बोअर. वरच्या मुरमात कच ढासळू नये म्हणून केसिंग म्हणजे पाइप टाकतात ना, त्यानेच मुरमाचं पाणी बाहेर अडतं, आणि शेजाऱ्याची विहीर नेमकी त्याच पाण्यावर जगते. शिवाय तिचा घेर मोठा, चहूबाजूंनी थेंब थेंब पाझरून रात्रभरात पाणी चढतं. साडेसहा इंची बोअरला भेग लागली तर लागली, उभी भेग दोन हातांवर असली तरी हुकते.

आणि पाऊस पडला की सगळं पाणी खाली जातं असंही नाही. काळी माती भेगाळलेली असते तोवर घटाघटा पिते, भिजली की फुगते आणि भेगा मिटतात, मग जोराचा पाऊस वरूनच ओढ्याला जातो. मातीने धरलेलं पाणी आधी मुळं ओढतात आणि त्यातलं जवळपास सगळं पानांतून हवेत जातं. कोळपणीने, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती वरवर खरवडल्याने, भेगा बुजतात आणि तण जातं, ओल टिकते, म्हणून तर जुने लोक एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी म्हणतात. माती पोटभर भिजल्यावर जे उरतं तेच मुरमात उतरतं, म्हणून विहिरीला दोन दिवसांची संथ झड एका ढगफुटीपेक्षा जास्त पाणी देते.

बोअर अजून खोल नेऊ नका, कळकळीने सांगतो. एप्रिल-मे मध्ये आजूबाजूच्या चार-पाच विहिरींत उतरून बघा, मुरूम किती फुटांपर्यंत आहे आणि पाझर कुठल्या बाजूने येतोय. तुमच्या रानात मुरूम जाड असेल तर तिथे विहीरच घ्या.